वाघदेवासमोरचं दार

सेफ्टीची बाई मी झाले ती माझ्या अक्षरामुळे. दुसरं काही कारण असेल तर ते मला आजवर सापडलेलं नाही. तलासरीच्या पुढे, उधव्याच्या वाटेवर तारेचा एक छोटा कारखाना आहे, तिथे मी स्टोअर सांभाळायचे. हातमोजे, बूट, चष्मे, नट-बोल्ट, झाडू, जे लागेल ते माझ्याकडे सही करून न्यायचं. आधीचा सेफ्टीवाला वापीला चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला. आमच्या शेठनी माझं रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "बेन, तुमचा अक्षर किती चोख्खा! आता सेफ्टीचा पण तुम्हीच बघा. टेन्शन नाय घ्यायचा."

मी टेन्शन घेतलं. माझा स्वभावच तसा. डोकं पटकन तापतं आणि समजत नसलं की जास्तच तापतं. डहाणूहून सकाळी शेअर जीपमध्ये बसले की तलासरी येईपर्यंत माझा ड्रायव्हरशी, शेजारणीशी, कुणाशीतरी वाद घालून झालेला असतो.

मग मला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. थंडगार हॉल, पडद्यावर हातमोज्यांची चित्रं. कातडी मोजे गरम लोखंडाला चालतात, ॲसिडला चालत नाहीत, कारण कातडं ॲसिड पिऊन घेतं. सुती मोजे तर त्याहून पितात. पीव्हीसीचे ॲसिडला चालतात, पण गरम वस्तू धरली की वितळतात. रबराचे तेलात फुगतात. तेलाला नायट्राइल. मी हात वर करून विचारलं, "सर, आमच्या माणसाच्या एका हाताला तेल असतं, दुसऱ्या हातात गरम तार, आणि समोर ॲसिडची टाकी. त्याने काय घालायचं?" सर म्हणाले, "फार छान प्रश्न आहे." आणि चहाची सुट्टी झाली. चहानंतर आग विझवायच्या बाटल्यांचा विषय निघाला, तो प्रश्न तसाच राहिला.

मी चिंचणीची, मासळीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे बर्फात हात घालायला, कोलंबी सोलायला कुणी मोजे घातलेले मी बघितले नाहीत. हाताला काही लागलं की हळद लावायची आणि पुढचं टोपलं ओढायचं. अशा घरातली मी, आणि आता माणसांना कुठल्या कामाला कुठला मोजा ते सांगणार! माझं मलाच हसू यायचं, आणि मग भीतीही वाटायची.

भीती वाटायची ती एका मावशींमुळे. कारखान्यात तारेची गंजलेली भेंडोळी येतात, ती ॲसिडच्या टाकीत बुडवून साफ करतात. टाकीघरात अशा तीन टाक्या एकामागे एक. शेवटच्या टाकीवर या मावशी. कारखान्याच्या मागच्या पाड्यावरून चालत यायच्या, गुडघ्यापर्यंत लुगडं, पायात अर्ध्या पोटरीपर्यंत येणारे पीव्हीसीचे गमबूट, अंगावर पीव्हीसीचा ॲप्रन. मला "बाय" म्हणायच्या. कधी ताडगोळे आणायच्या, कधी रानातली भाजी. मी सांगेन ते त्यांना पटायचं, हाच माझा घोर होता. बाकीचे निदान कुरकुर करायचे. मावशींना मी म्हटलं की मोजे उन्हात वाळवू नका, तर दुसऱ्या दिवशी मोजे सावलीत. मला वाटायचं, बाई, थोडी तरी शंका घ्या माझ्यावर.

टाकीघराला दार एकच, पुढे. तपासणीला आलेले साहेब सगळ्यात मागच्या टाकीपाशी उभे राहिले, पुढच्या दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "मधल्या टाकीला काही झालं तर ही बाई बाहेर कशी येणार?" मी मावशींकडे बघितलं. त्या हसत होत्या, त्यांना वाटलं साहेबांनी त्यांचं नाव काढलं. साहेबांनी लिहून दिलं की मागे दुसरं दार हवं, ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं, वाटेत काही ठेवायचं नाही, अंग न चोरता माणसाला चालता यायला हवं. आणि हे सगळं किमान, असंही वर लिहिलं होतं. त्या दाराशिवाय मावशी त्या टाकीपाशी म्हणजे पिंजऱ्यात, एवढं मात्र मला लख्ख समजलं.

मी शेठच्या मागे भुणभुण लावली. महिन्याभरात मागची भिंत फोडली, दार बसलं, ढकललं की उघडणारं. वर हिरवी पाटी. नकाशात दाराबाहेर लिहिलं होतं, मोकळी जागा.

मोकळी कसली! दारातून पाच-सहा पावलांवर मोहाचं झाड, आणि झाडाखाली पाड्याचा वाघदेव. उभी लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, सूर्य, चंद्र, वर शेंदूर. आधी मध्ये भिंत होती म्हणून आतल्या माणसाला तो दिसत नव्हता. आता दार उघडलं की तो थेट समोर. ज्याने नकाशा काढला त्याला झाडही दिसलं नाही आणि देवही दिसला नाही. विचारलं तर म्हणे, "मॅडम, आपण फक्त स्ट्रक्चर दाखवतो."

पहिली ड्रिल ठेवली. मी पुढच्या दाराशी घड्याळ घेऊन उभी राहिले, बेल दाबली आणि ओरडले, "मागून बाहेर! पळा!" पळाले. सगळे मागच्या दारापर्यंत छान पळाले आणि तिथे थांबले. पहिल्या माणसाने खाली वाकून बूट काढले, हातात घेतले, देवाला हात जोडले आणि मग बाहेर पडला. दुसऱ्याने तेच. तिसऱ्याचा बूट निघेना, तर चौथ्याने त्याला ओढून मदत केली. सगळ्यात शेवटी मावशी, दोन्ही गमबूट काखेत. बाहेर जमायच्या जागी, बोअरच्या नळापाशी, सगळे अनवाणी उभे आणि हसत-खिदळत होते. मोजणीत माझा तीनदा घोळ झाला.

माझं डोकं फिरलं. "अहो, खरंच ॲसिड सांडलं तर देव काय तुमचे बूट बघत बसणार आहे का?"

मावशी शांतपणे म्हणाल्या, "देव नाय बघत, बाय. आपल्याला बघवत नाय."

चुकीचं कोण होतं? दार नियमाप्रमाणे. बूट नियमाप्रमाणे. देव तर कारखान्याच्या आधीपासून तिथे. माणसं चांगली, सांगितलं तिकडे पळाली. सगळं बरोबर असून शेवटच्या बाईला बाहेर यायला इतका वेळ लागला की खरी वेळ असती तर काय झालं असतं, ते मनात आणवेना.

शेठनी तोडगा काढला. दाराबाहेर आडवा पत्रा ठोकला, म्हणजे देव दिसणार नाही. दुसऱ्या ड्रिलला सगळे पळत आले, दारात थांबले, बूट काढले आणि पत्र्याला नमस्कार करून बाहेर पडले. मी कपाळाला हात लावला. मावशी म्हणाल्या, "पत्रा लावला म्हणून वाघदेव उठून गेला काय?" शेठनी त्याच दिवशी पत्रा काढवला, उगाच वाट अडत होती.

देव हलवायचं कुणीतरी बोललं, पण ते बोलणाऱ्यानेच पुढच्या क्षणाला जीभ चावली. दार दुसऱ्या भिंतीत करायचं तर तिथे बाहेर विजेचा खांब आणि मोठा पॅनेल. मी घरी आईकडे चिंचणीला गेले तेव्हा तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. आई वलांडीवर बोंबील वाळत घालत होती, माझ्याकडे बघितलंही नाही. "होडीत चपला घालून कोण चढतं गं? तुझा बाप कितीही घाईत असला तरी चपला काठावर ठेवायचा. पायालाच सवय असते, त्याला काय विचारायचं?" मी म्हटलं, "आई, इथे माणसं जळतील." ती म्हणाली, "मग जळू नयेत असं कर. पण त्यांना येडं समजू नको."

आता करू तरी काय? मी थेट मावशींनाच विचारलं, म्हटलं, तुम्हीच सांगा. तिसऱ्या दिवशी आल्या आणि म्हणाल्या, पाड्याच्या भगताशी बोलणं झालं. देवाकडून मोकळीक मागायची. बेल वाजली की कुणाच्याही पायाकडे बघू नको, असं सांगायचं. नारळ, तांदूळ, एक कोंबडा, बस. पण ज्याने त्याने आपापल्या पायाचं मागायचं, दुसऱ्याने मागून चालत नाही. "रविवारी आहे. तू पण ये, बाय."

मला हसूच आलं. चिडून नव्हे, खरंच हसू आलं. मी म्हटलं, "मावशी, मला कुठे पळायचंय? मी तर घड्याळ घेऊन पुढच्या दारात उभी असते." रविवारी मी चिंचणीला गेले आणि आईच्या हातचं खाऊन दुपारभर झोपले.

तिसऱ्या ड्रिलला काय बघावं! बेल वाजली आणि सगळे बुटासकट दारातून आरपार. कुणी वाकलं नाही, कुणी थांबलं नाही. मावशी गमबूट थपाथप वाजवत शेवटी बाहेर आल्या आणि नळापाशी ताठ उभ्या राहिल्या. मी इतकी फुशारले की विचारू नका. म्हणजे प्रश्न सुटला, असं मी समजले. मग मी नियम पक्के केले, दर आठवड्याला घोकून घेतले. बेल वाजली की बूट काढायचे नाहीत. थेट नळापर्यंत जायचं. मोजणी होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मावशी मान डोलवायच्या आणि पाठ म्हणून दाखवायच्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

ती वेळ आली तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी नवे हातमोजे द्यायला टाकीघरात गेले होते, अगदी मागे, मावशींच्या टाकीपाशी. मोजे बदलले की आतून फुंकर मारून भोक आहे का ते बघायचं, एवढंच त्यांना दाखवत होते. मधल्या टाकीत पंपाने ॲसिड भरणं चालू होतं. एकदम फट्ट आवाज झाला. पाइप जोडातून निसटला आणि सापासारखा वळवळत ॲसिड उडवायला लागला. नाकात झणका गेला, डोळ्यांतून पाणी. कुणीतरी बेल दाबली.

पुढच्या दाराकडे जायची सोयच नव्हती, मध्ये तो पाइप. माझ्या पुढचे चौघे मागच्या दारातून धडाधड बाहेर पडले. मग मी. माझ्या मागे मावशी.

दार उघडं होतं. समोर मोहाचं झाड, आणि तो. त्या दारातून मी त्याआधी कधीच बाहेर पडले नव्हते. एकदाही नाही. प्रत्येक ड्रिलला मी दुसऱ्या टोकाला.

आणि मी वाकले.

मी काय केलं ते मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. डावा बूट निघालेला होता आणि मी उजव्या बुटाची लेस सोडत होते. मागे ॲसिड उडतंय, श्वास घेता येत नाही, आणि मी, सेफ्टीची बाई, दारात बसून लेस सोडतेय. गाठ घट्ट बसली होती. मावशींनी मला हाक मारली की नाही, आठवत नाही. दोन्ही हातांनी पाठीत ढकललं ते आठवतं, कारण मी तोंडावरच पडले, देवाच्या पुढ्यात. मग त्यांनीच काखेत धरून उठवलं आणि आम्ही नळापर्यंत पळालो. माझ्या एका पायात बूट, एक पाय उघडा.

नळापाशी सगळे रांगेत उभे होते. मीही दम खात उभी राहिले आणि मोजायला लागले. प्रत्येकाचं नाव घेतलं. शेवटी मावशींचं घेतलं, त्या म्हणाल्या, "हजर." सगळे होते. मी म्हटलं, "झालं. सगळे बाहेर." मला वाटलं आता मी रडेन, आनंदाने.

तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाय, पायात आग होते."

मी खाली बघितलं. गमबूट नियमाप्रमाणे होते, पीव्हीसीचे, ॲसिडने त्यांना काही होत नाही. झालंही नव्हतं, बाहेरून अगदी चकचकीत. मी दारात वाकले होते तेवढ्या वेळात पाइपचा एक झोत त्यांच्या मागून आला होता. ॲप्रन पुढून होता. झोत उघड्या पोटरीवर बसला आणि वरून थेट बुटात गेला. दोन्ही बुटांत. बूट बाहेरचं आत येऊ देत नाही तसं आतलं बाहेरही जाऊ देत नाही. एवढं साधं! हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. ते ॲसिड पायांभोवती घेऊन मावशी पळाल्या होत्या, माझं वजन ओढत, आणि मोजणी संपेपर्यंत तोंड मिटून उभ्या होत्या.

मी बूट ओढून काढले. नळ सोडला. कितीतरी वेळ पाणी ओतत राहिलो, कुणीतरी बादल्या आणत होतं. मी ओरडत होते, कुणावर ते माहीत नाही. मावशी माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या आणि मलाच म्हणत होत्या, "रडू नको गं."

नंतर खूप जणांनी खूप विचारलं. साहेब आले, शेठ आले. साहेबांनी विचारलं, दारात अडथळा होता का? मी म्हटलं, होता. काय होतं? मी म्हटलं, मी होते. त्यांना वाटलं मला धक्का बसलाय. मग म्हणाले, बूट लगेच काढायला हवे होते, एवढं तरी शिकवायचं ना! मी म्हटलं, साहेब, मी तर काढू नका असं शिकवलं. का? कारण ते काढत होते. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी चुकले हे नक्की. पण नेमकं कुठल्या ठिकाणी चुकले, ते मी अजूनही शोधते. जीपमध्ये शोधते, भाकरी थापताना शोधते. देवापुढे बूट काढले हे चुकलं, की रविवारी झोपून राहिले हे? काढू नका म्हटलं हे, की कधी काढायचे ते म्हटलं नाही हे? एक धागा ओढला की दुसरीकडे गाठ बसते.

दवाखान्यात मी रोज जायचे. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत पट्ट्या. डाव्या पायाची बोटं जगतील की नाही ते डॉक्टर तेव्हा सांगत नव्हते. पहिल्या दिवशी मी खाटेजवळ उभी राहिले आणि म्हटलं, "मावशी, माझ्यामुळे झालं. मी दारात थांबले."

"तू थांबणारच ना," त्या म्हणाल्या. "रविवारी नव्हतीस. तुझ्या पायाचं मागायचंच राहिलं." मला बोल लावत नव्हत्या, मी एखादी चहाची पातेली झाकायची विसरले असेन अशा सुरात सांगत होत्या. मला वाटलं, शिव्या द्या हो मला. एकदा तरी द्या. मला ते बरं पडलं असतं.

सातव्या-आठव्या दिवशी पट्ट्या बदलताना मी तिथेच होते. नर्सने शेवटचा थर ओला करून सोडवला. मावशींनी माझा हात धरला, त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतली, पण तोंडातून आवाज नाही. नर्स म्हणाली, "मावशी, दुखलं तर ओरडा, इथे कुणी काही बोलणार नाही." त्यांनी मान हलवली. नर्स गेल्यावर त्या उशीवर टेकल्या.

"बाय, त्या दिवशी झाडापाशीच मला लागायला लागलं होतं," त्या म्हणाल्या. "वाटलं, काढावे बूट. पण तू सांगितलेलं, काढायचे नाय. म्हणून नाय काढले. मी बरोबर केलं ना?"

मी म्हटलं, "हो, मावशी. बरोबर केलंत."

त्या हसल्या आणि डोळे मिटून घेतले.